मुलांसाठीचा चुंबकी आठवडा-फलक : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या धाकट्या मुलाचे वय आता सव्वापाच वर्षे आहे. गेल्या जूनपर्यंत त्याचा दिवस एकाच प्रश्नाने उजाडत असे : "आई, आज रात्री तू आहेस का?" मी नाशिकमधील एका रुग्णालयात परिचारिका आहे. आमची ड्यूटी तीन पाळ्यांत चालते. सकाळची आठ ते दोन, दुपारची दोन ते आठ आणि रात्रीची आठ ते सकाळी आठ. रुग्णालयात ड्यूटी लिस्ट लागली की पुढच्या आठवड्यात मी कोणत्या वेळी घरी असेन हे मला कळते, माझ्या पतींना कळते, सासूबाईंना कळते. ज्याला ते कळण्याची सर्वांत जास्त गरज होती, त्याला मात्र ते रोज नव्याने विचारावे लागत असे, आणि मी दिलेले उत्तर दुपारपर्यंत त्याच्या डोक्यातून निघून जात असे. त्याच काळात मी मुलांसाठीचा एक चुंबकी आठवडा-फलक विकत घेतला. आठ महिने तो आमच्या घरात रोज वापरात आहे आणि त्याविषयी इतर पालकांना उपयोगी पडेल असे बरेच सांगण्यासारखे साठले आहे. उत्पादकाचे नाव मी लिहीत नाही. या प्रकारचे फलक अनेक जण बनवतात, त्यांची रचना बरीचशी सारखी असते आणि माझ्या तक्रारीही बहुधा सगळ्यांनाच लागू पडतील.

आधी वस्तूचे वर्णन करते. सुमारे बेचाळीस सेंटिमीटर लांब आणि तीस सेंटिमीटर उंच असा पांढऱ्या पत्र्याचा हा फलक आहे. त्यावर सात वारांचे सात रंगीत उभे रकाने आहेत आणि प्रत्येक रकान्याचे सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन भाग केलेले आहेत. सोबत चित्रांच्या बहात्तर चकत्या येतात. त्या लवचीक चुंबकी रबराच्या आहेत आणि कात्रीने सहज कापता येतात. सहा कोऱ्या चकत्या, दोन पुसता येणारी पेने, झालेली कामे काढून ठेवण्यासाठी "झाले" असे लिहिलेली एक कापडी पिशवी आणि कोणता वार चालू आहे हे दाखवण्यासाठी सरकवायची एक लाल चौकट, असा उरलेला ऐवज. मला तो अकराशे नव्व्याण्णव रुपयांना पडला. खोक्यावर "३ वर्षे व त्यापुढील" असे छापलेले आहे.

खोक्यावर आणखी एक गोष्ट छापलेली आहे आणि तिचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. मराठी आवृत्तीवर या वस्तूला "मुलांसाठी कुटुंब नियोजन फलक" असे नाव दिले आहे. इंग्रजी नावातील दोन शब्दांना दोन मराठी शब्द लावून कोणीतरी हे काम उरकले असावे. मराठीत कुटुंब नियोजन या शब्दाला एक ठरलेला अर्थ आहे. भारत सरकारने १९५२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यानंतर पुढे गावोगावच्या आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर उलटा लाल त्रिकोण आला, आणि तेव्हापासून हा शब्द मुलांची संख्या आणि त्यांतील अंतर ठरवण्याविषयीच वापरला जातो. आमच्या प्रसूतिपश्चात कक्षात मी स्वतः रोज त्याच अर्थाने तो बोलते. सासूबाईंनी खोके हातात घेतले, नाव वाचले आणि काही न बोलता ते कपाटावर ठेवून दिले. लहान मुलांच्या हाती हे कसे द्यायचे, असा प्रश्न त्यांना पडला होता आणि तो अगदी रास्त होता. "घरचे वेळापत्रक" किंवा "आमचा आठवडा" असे साधे नाव दिले असते तर आजीला आणि नातवाला ते एकदमच कळले असते. मुलांसाठी वस्तू बनवणाऱ्याने मुलांच्या भाषेकडे पाहिलेच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

चकत्यांवरील शब्दांतही तोच निष्काळजीपणा दिसतो. "स्नान", "अल्पोपाहार", "दंतमंजन", "निद्रा" हे शब्द चुकीचे नाहीत, परंतु कोणत्याही घरात चार वर्षांच्या मुलाशी कोणी तसे बोलत नाही. मूल स्वतः वाचत नसले तरी मोठी माणसे चकती हातात घेऊन शब्द मोठ्याने वाचतात, आणि मुलाच्या कानावर पडलेला शब्द व समोरचे चित्र यांची सांगड लागते. आम्ही पहिल्याच आठवड्यात पांढऱ्या पट्ट्या चिकटवून "अंघोळ", "नाश्ता", "दात घासायचे" आणि "झोपायचे" असे लिहिले. चित्रे मात्र सुबक आहेत. रेषा ठळक, पार्श्वभूमी मोकळी, एका चकतीवर एकच कृती. लहान मुलाला लांबून ओळखू येईल इतकी ती स्पष्ट आहेत. माझी हरकत आहे ती माणसांच्या चित्रांना. आई सर्वत्र स्वयंपाकघरात आहे आणि बाबा सर्वत्र हातात बॅग घेऊन दाराबाहेर पडत आहेत. आमच्या घरी सकाळचे डबे माझे पती भरतात आणि बॅग घेऊन मी बाहेर पडते. धाकट्याने पहिल्या दिवशी विचारले, "ही कोणाची आई आहे?" त्या दिवशी कोऱ्या सहा चकत्यांपैकी चार संपल्या.

घरातील दिनक्रम चित्रांतून मांडण्याची कल्पना या उत्पादकाची नाही, आणि ती कोठून आली हे समजून घेतल्यास फलक कसा वापरायचा हेही उमगते. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यात एरिक शॉप्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी जे काम उभे केले, त्याला १९७२ मध्ये राज्यव्यापी कार्यक्रमाचे रूप मिळाले. त्या पद्धतीत मुलाच्या दिवसातील कामे चित्रांनी क्रमवार मांडलेली असतात आणि एक काम संपले की मूल ते चित्र काढून "झाले"च्या जागी ठेवते. बोललेले वाक्य हवेत विरते. चित्र मात्र जागेवर राहते आणि मूल हवे तितक्या वेळा त्याच्याकडे परत जाऊ शकते. ज्या मुलाला शब्दांतून आलेली सूचना धरून ठेवणे जड जाते त्याला याचा मोठा आधार होतो. साडेतीन-चार वर्षांच्या कोणत्याही मुलाला काळाची सूचना धरून ठेवणे जडच जाते, म्हणून ही पद्धत हळूहळू सगळ्यांच्याच घरांत आली. या इतिहासातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चित्रांचा हा क्रम मुलाला पुढे काय आहे ते कळावे म्हणून मांडलेला होता. बाजारात येता येता त्याचे मुलाला वळण लावण्याच्या साधनात रूपांतर झाले, आणि या फलकाचे गुण व दोष दोन्ही याच फरकातून निघतात, असे मला आठ महिन्यांनंतर ठामपणे वाटते.

गुणांविषयी आधी सांगते, कारण ते खरोखर मोठे आहेत.

सरकणाऱ्या लाल चौकटीने आमच्या मुलाला "आज" हा शब्द शिकवला. त्याआधी त्याच्या बोलण्यात घडून गेलेले सगळे "काल" होते. दिवाळीत मामाकडे गेलो तेही काल आणि सकाळी दूध सांडले तेही काल. त्यात आपल्या भाषेत "परवा" हा शब्द दोन्ही दिशांना चालतो. परवा गेलो होतो आणि परवा जाऊ, यातील फरक केवळ क्रियापदावरून ओळखायचा असतो, आणि चार वर्षांचे मूल क्रियापदाकडे तितके लक्ष देत नाही. मी त्याला "परवा माझी सुट्टी आहे" असे सांगितले की तो रडवेला होत असे, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे ती सुट्टी होऊन गेलेली असे आणि त्याला ती मिळालेलीच नसे. फलकावर परवा म्हणजे लाल चौकटीच्या उजवीकडे दोन घरे किंवा डावीकडे दोन घरे. बोट ठेवले की वाद मिटतो. रोज सकाळी दात घासून झाले की चौकट एक घर पुढे सरकवण्याचे काम त्याचे, आणि सहा-सात आठवड्यांत तो स्वतःहून "परवा म्हणजे इकडचा की तिकडचा?" असे विचारू लागला. मला त्या प्रश्नाचे फार समाधान वाटले, कारण शब्दाला दोन बाजू आहेत हे त्याला कळले होते.

रकान्यांच्या मांडणीचा एक गोंधळ मात्र सांगितला पाहिजे. या फलकावर आठवडा सोमवारी सुरू होतो आणि डावीकडून उजवीकडे जातो. आमच्या स्वयंपाकघरात, बहुतेक मराठी घरांप्रमाणे, कालनिर्णय टांगलेले असते. जयंतराव साळगांवकरांनी १९७३ मध्ये ते सुरू केले आणि सासूबाईंच्या हिशेबाने ते आमच्या घरात तेव्हापासूनच आहे. त्यावर वार एकाखाली एक लिहिलेले असतात आणि तारखा वरून खाली उतरतात. थोरली मुलगी आठ वर्षांची आहे, तिला दोन्ही वाचता येतात. परंतु धाकटा काही दिवस फलकावरही वरून खाली बोट नेत असे आणि सोमवारच्या सकाळनंतर सोमवारची संध्याकाळ आली की ती "उद्या" आहे असे समजत असे. उत्पादकाला मराठी घरांसाठी खरोखर काही करायचे असेल तर वार उभे मांडलेला फलक काढून पाहण्यासारखा आहे.

आता रात्रीविषयी. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीनच भाग पाहून मी घेतानाच थबकायला हवे होते. ज्याने ही रचना केली त्याच्या घरी रात्री सगळे जण झोपलेले असतात. आमच्या घरी, आणि पोलिसांच्या, रेल्वेतील कर्मचाऱ्यांच्या, कंपनीत तिसऱ्या पाळीला जाणाऱ्यांच्या, सुरक्षारक्षकांच्या घरीही, रात्र ही कोणीतरी घरी नसण्याची वेळ असते आणि मुलाला नेमके तेच जाणून घ्यायचे असते. शिवाय रात्रपाळी एका वारात मावत नाही. मी बुधवारी संध्याकाळी जाते आणि गुरुवारी सकाळी येते. पहिल्या महिन्यात मी बुधवारच्या संध्याकाळी "आई रुग्णालयात" अशी चकती लावत होते आणि गुरुवारच्या सकाळी "आई घरी" अशी. मुलाने ते पाहून एक दिवस विचारले, "मग मध्ये तू कुठे असतेस?" त्याच्या दृष्टीने दोन रकान्यांमधल्या पांढऱ्या रेषेत मी हरवत होते.

उपाय थोरलीने शोधला. चित्रांच्या काही चकत्या आमच्या उपयोगाच्या नव्हत्या. त्यांतील चार चकत्या तिने एकापुढे एक जोडून, त्यावर काळा कागद चिकटवून, एक लांब पट्टी केली आणि त्यावर पांढऱ्या खडूने चंद्र व माझी टोपी काढली. आम्ही आता टोपी घालत नाही, पण तिच्या चित्रातील परिचारिकेला ती असतेच. ही पट्टी बुधवारच्या संध्याकाळी सुरू होते, मधली रेषा ओलांडते आणि गुरुवारच्या सकाळी संपते. आई एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येते, हे मुलाला डोळ्यांनी दिसते. आमच्याकडे महिन्यातून एक आठवडा तरी नाइट असते, तेव्हा अशा पट्ट्या ओळीने लागतात, आणि "नाइट ऑफ"च्या दिवशी पट्टी नाही हे त्याला लांबूनच दिसते. तो सकाळी उठून आधी फलकाकडे जातो. मला विचारत नाही. ज्या आईने रोज तो प्रश्न ऐकला आहे आणि घाईत "अरे, सांगितले ना" असे उत्तर दिले आहे, तिला यातील सुटका कळेल.

रात्रपाळी उतरून आल्यावर मी दुपारपर्यंत झोपते. घरी असलेली आई आणि तरीही न भेटणारी आई, हे लहान मुलाला अनुपस्थितीपेक्षाही कठीण जाते. यासाठीही खोक्यात चित्र नव्हते. आम्ही बंद दाराचे चित्र काढले आणि त्यापुढच्या घरात जेवणाच्या ताटाचे. दार झाले की ताट, आणि ताटाला आई असते. पहिले दोन-तीन दिवस त्याने दार वाजवलेच. नंतर एका गुरुवारी मी उठून बाहेर आले तेव्हा तो फलकासमोर पाट घेऊन बसला होता आणि दाराची चकती "झाले"च्या पिशवीत टाकण्यासाठी हातात धरून ठेवली होती. सासूबाई म्हणाल्या, "अर्धा तास झाला, तिथेच बसलाय. चकती मीच टाकणार म्हणतो."

हे सगळे त्याला कळण्याविषयी झाले. वळण लावण्याच्या भागाविषयी माझे मत तितके चांगले नाही. फलकाच्या उजव्या कडेला ताऱ्यांची एक उभी पट्टी आहे. मुलाने ठरलेले काम न सांगता केले की तारा लावायचा, दहा तारे झाले की बक्षीस द्यायचे, असे सोबतच्या पत्रकात लिहिले आहे. आम्ही तीन आठवडे ते केले. पहिल्या आठवड्यात उत्साह होता. दुसऱ्या आठवड्यात धाकटा दात घासण्याआधी "तारा मिळेल ना?" असे विचारू लागला आणि थोरलीने मागणी केली की ती इतकी वर्षे दात घासत आहे त्याचे तारे आधी मोजावेत, तिच्या म्हणण्यात न्याय होता. तिसऱ्या आठवड्यात मी रात्रपाळी करून आले, तर त्या दिवशी मला भेटायला येण्याआधी त्याने विचारले की आजीने काल तारा लावला नाही, तो तू लावशील का. मी त्याच दिवशी ताऱ्यांची पट्टी काळ्या चिकटपट्टीने झाकून टाकली. जो फलक मुलाला माहिती देत होता तो त्याचा हिशेब मांडू लागला होता, आणि एकाच वस्तूकडून ही दोन्ही कामे होत नाहीत. मूल ज्या फलकावर आपली आई कधी येणार हे पाहते, त्याच फलकावर आपण किती कमी पडलो हेही त्याला दिसू नये.

ताऱ्यांऐवजी उत्पादकाने "बदल" अशी एक चकती दिली असती तर ती सोन्याची ठरली असती. लिहिलेले वेळापत्रक मोडते तेव्हा काय करायचे याविषयी पत्रकात एक ओळही नाही. ऑगस्टमधील एका रविवारी आम्ही सोमेश्वरला धबधबा पाहायला जाणार होतो आणि मुलाने स्वतः पाण्याचे चित्र काढून रविवारच्या सकाळी लावले होते. शनिवारी रात्री एका सहकारी सिस्टरला ताप आला आणि माझी ड्यूटी लागली. सकाळी त्याने चौकट सरकवली, पाण्याचे चित्र पाहिले, आणि मी गणवेशात उभी. तो त्या दिवशी जितका रडला तितका फलक येण्यापूर्वी कधीही रडला नव्हता, कारण त्यापूर्वी त्याला कोणी लिहून दिलेले नव्हते. त्यानंतर आम्ही पिवळ्या कागदाची एक चकती केली. काही बदलले की ती चकती आधी त्या घरात लावायची, मग जुने चित्र त्यानेच काढायचे आणि ते फेकून न देता ते जिथे जाणार आहे त्या वारी त्यानेच लावायचे. चित्र नाहीसे होत नाही, सरकते. पुढच्या वेळी दुःख झाले नाही असे नाही, परंतु पाण्याचे चित्र बुधवारी आहे हे तो दिवसातून चार वेळा जाऊन पाहून आला आणि बुधवारी माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही गेलो. जे पालक हा फलक घेतील त्यांनी पहिल्याच दिवशी ही एक चकती करावी, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

एक मर्यादा आठवड्याचीच आहे. सात दिवसांपलीकडचे काही या फलकावर बसत नाही. माझी एक सहकारी दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी जाणार होती आणि तिची साडेतीन वर्षांची मुलगी वडिलांजवळ राहणार होती. बाळ कधी येणार, आई कधी परत येणार, याचे उत्तर आठवड्याच्या फलकावर देता येत नाही. आठ-दहा वेळा तोच रविवार पुन्हा येतो आणि मुलाला वाटते की काहीच पुढे सरकत नाही. तिला मी भिंतीवरची दिनदर्शिकाच वापरायला सांगितले. मुलीने रोज संध्याकाळी एका तारखेवर रंगाचा ठिपका द्यायचा आणि आई परत येण्याच्या सुमाराच्या आठवड्याभोवती मोठे वर्तुळ काढून ठेवायचे. वर्तुळ एका तारखेभोवती काढू नये, हे मी मुद्दाम सांगितले. बाळे तारीख पाळत नाहीत आणि मुलीला दिलेला शब्द मोडायला नको. आठवडा-फलक आणि दिनदर्शिका ही दोन वेगळी साधने आहेत. जवळचे पाहायला एक आणि लांबचे पाहायला दुसरे.

आता ज्या दोषामुळे मी हा लेख लिहायला बसले त्याकडे येते. चकत्या चुंबकी रबराच्या आहेत. त्यांचे ओढबळ कमी असते आणि त्या आकाराने मोठ्या आहेत. लाल चौकट मात्र प्लास्टिकची असून तिच्या चार कोपऱ्यांत मागील बाजूस चार लहान, गोल, टणक चुंबक गोंदाने चिकटवलेले आहेत. साबुदाण्याच्या वड्यावर शेंगदाणा दिसावा एवढा एकेकाचा आकार. तिसऱ्या आठवड्यात त्यांतील एक सुटून फलकाच्या खालच्या कडेला चिकटलेला मला दिसला. मी परिचारिका आहे, म्हणून माझ्या अंगावर काटा आला. इतर कोणी तो उचलून सहज खिडकीत ठेवला असता. असा एक चुंबक पोटात गेला तर बहुधा तो शौचावाटे निघून जातो. दोन गेले, किंवा एक चुंबक आणि एक लोखंडी वस्तू गेली, तर आतड्याच्या दोन वेगळ्या वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढतात, मधली आतड्याची भिंत दाबली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिला छिद्र पडू शकते. सुरुवातीला मुलाला केवळ मळमळ किंवा पोटदुखी असते, त्यामुळे घरच्यांना अपचन वाटते. मुलाने चुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता, उलटी करवण्याचा प्रयत्न न करता, एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. किती गिळले हे मुलाला सांगता येत नाही.

भारतात खेळण्यांसाठी नियम आहे. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० नुसार चौदा वर्षांखालील मुलांनी खेळण्यासाठी बनवलेल्या वस्तूंवर १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. माझ्या खोक्यावर ते चिन्ह नाही. मी ग्राहक सेवेला विचारले तेव्हा ही वस्तू लेखनसाहित्यात मोडते, खेळण्यांत नाही, असे उत्तर मिळाले. कायद्याच्या दृष्टीने ते कसे आहे याचा निर्णय मी करू शकत नाही. परंतु ज्या खोक्यावर "३ वर्षे व त्यापुढील" असे ठळक छापले आहे आणि ज्यातील वस्तू मुलाने रोज हाताळावी अशी अपेक्षा आहे, त्यातील सुट्या होऊ शकणाऱ्या चुंबकांची जबाबदारी बनवणाऱ्याने घेतलीच पाहिजे. त्यांनी नवीन चौकट पाठवली, तत्परतेने पाठवली, हे नमूद करते. तिच्यातील चुंबकही गोंदानेच चिकटवलेले होते.

बाकी बांधणी ठीक आहे. पत्रा पातळ आहे, पण कडा वळवून गुळगुळीत केल्या आहेत आणि बोट कापत नाही. सोबतची चिकटपट्टी आमच्या चुन्याच्या भिंतीवर दोन दिवसही टिकली नाही. आम्ही दोन खिळे ठोकले आणि फलक मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण तीन फुटांवर लावला. मोठ्या माणसांना सोयीचे म्हणून तो वर टांगला तर घेतल्याचा काही उपयोग नाही. पेनाची शाई दहा दिवसांपेक्षा जास्त राहिली की ओल्या फडक्याने निघत नाही, स्पिरिटने निघते.

हा फलक घ्यावा का, असे मला रुग्णालयात आतापर्यंत अनेक जणींनी विचारले आहे. अकराशे नव्व्याण्णव रुपये ही आमच्या पगारातही विचार करून खर्चण्याची रक्कम आहे आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या पगारात ती मोठीच आहे. मी त्यांना आधी घरी करून पाहायला सांगते. बिस्किटांच्या मोठ्या डब्याचे झाकण किंवा साधे पुठ्ठे, जुन्या मासिकांतील चित्रे, घरच्या माणसांची छायाचित्रे आणि कपड्यांचे चिमटे एवढ्यावर काम भागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे बालशिक्षण उभे केले, त्यात पाने, बिया, शंख, खडे अशा परिसरातल्या वस्तूंचीच साधने झाली. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना ताराबाईंच्या त्या कामातून आलेली आहे. मुलाच्या ओळखीची वस्तू त्याला शिकवते, हे आपल्याकडे फार पूर्वीच करून दाखवलेले आहे. आमच्याही घरात ज्या चकत्या खरोखर उपयोगाच्या ठरल्या, त्या काळी पट्टी, बंद दार, पिवळा बदल, घंटागाडी आणि आजीचा गुरुवारचा उपास या होत्या, आणि त्या पाचही आम्ही घरी केलेल्या आहेत. विकतच्या बहात्तरांपैकी आज एकोणीस वापरात आहेत.

तरीही काही घरांना मी तो घ्यायला सांगेन. ज्यांना चित्रे काढायला उसंत नाही, ज्यांच्या घरी आजी-आजोबा नसून मूल पाळणाघरात जाते, किंवा ज्यांच्या मुलाला बोलण्यात अडचण आहे, त्यांना स्वच्छ, एकसारख्या चित्रांचा तयार संच हाताशी असणे मोलाचे आहे. त्यांनी ताऱ्यांची पट्टी झाकावी, रात्रीचा भाग स्वतः आखावा आणि लाल चौकट खोक्यातून निघाल्याबरोबर बाजूला काढावी.

सासूबाईंचा सुरुवातीचा अबोला किती दिवस टिकला तेही सांगते. गणपतीच्या आधी त्यांनी मला विचारले की घरच्या सगळ्यांची कामे त्यावर लागतात, तर त्यांची का नाहीत. त्यांच्यासाठी आता सर्वांत वरची ओळ राखलेली आहे; एकादशी, गुडघ्यांचा व्यायाम, मंगळवारचे भजनी मंडळ. कालनिर्णयातले पाहून त्या धाकट्याला सांगतात आणि तो लावतो. भजनाच्या दिवशी आजी संध्याकाळी घरी नसते, हे आता त्याला त्यांच्या आधी आठवते आणि तो त्यांच्या चपला दाराशी आणून ठेवतो.

लाल चौकटीच्या जागी आम्ही कपड्यांचा लाकडी चिमटा लाल रंगवून फलकाच्या वरच्या कडेला लावतो. तो पत्र्याला घट्ट बसतो आणि रोज सकाळी एक घर पुढे जातो. रविवारनंतर तो उचलून पुन्हा डावीकडे सोमवारवर आणायचा असतो, आणि ते काम आठवड्यातून एकदा थोरलीला मिळावे, असे दोघांनी आपसांत ठरवलेले आहे.